दुखण्यासोबतची आठ वर्षे

आमच्या विद्यालयाच्या वंदना सभागृहात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उत्तरायुष्यातील एक मोठे छायाचित्र लावलेले आहे. अंगावर पांढरा कोट, डोळ्यांवर जाड चष्मा आणि हातात काठी. दरवर्षी जून महिन्यात वसतिगृहात नव्याने दाखल होणारी मुले या छायाचित्रासमोर उभी राहतात आणि त्यांतील एखादे तरी मूल त्या काठीविषयी विचारते. चष्म्याविषयी कोणी विचारीत नाही; विद्वान माणसाला चष्मा असायचाच, अशी त्यांची समजूत असते. काठीचे उत्तर आम्ही अनेक वर्षे म्हातारपण असे देत आलो. ते उत्तर चुकीचे होते. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले तेव्हा त्यांचे वय पासष्ट वर्षांचे होते आणि त्यांच्या हाती काठी आली होती ती वयामुळे नव्हे, तर दुखण्यामुळे.

या स्मरणिकेत बाबासाहेबांच्या विद्वत्तेवर, राज्यघटनेवर आणि धम्मक्रांतीवर अधिकारी व्यक्तींनी लिहिले आहे. आम्ही येथे त्यांच्या चरित्राचा एक दुर्लक्षित भाग मांडणार आहोत. तो आहे मधुमेहासोबत काढलेल्या आठ वर्षांचा. महापुरुषाच्या शरीराविषयी लिहिणे काहींना गौण वाटेल. परंतु ज्या आठ वर्षांत आपल्या समाजाला सर्वांत अधिक मिळाले, तीच आठ वर्षे या दुखण्याची आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे हा विषय गौण राहत नाही.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव हे रामजी सुभेदारांचे चौदावे अपत्य. पुढील आयुष्याचा वृत्तान्त आमच्या वाचकांना मुखोद्गत आहे, तो आम्ही पुन्हा सांगत नाही. एवढेच नमूद करतो की, विद्यार्थिदशेत या शरीराला कधी विसावा मिळाला नाही. १९१३ ते १९१६ न्यूयॉर्क येथे आणि पुढे १९२० ते १९२३ लंडन येथे, दिवसभर ग्रंथालय आणि रात्री खोलीवर पुन्हा वाचन, असा क्रम होता. लंडनच्या खाणावळीतील तुटपुंज्या न्याहारीवर दिवस काढून रात्री सोबत आणलेले पापड भाजून खाल्ल्याची हकीकत तर घरोघरी सांगितली जाते.

येथे एका योगायोगाची नोंद करण्याचा मोह आम्हांला आवरत नाही. बाबासाहेब लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधात गढून गेलेले असताना, १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिनचा शोध लावला. जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथमच एका मरणोन्मुख मुलाला टोचण्यात आले. तत्पूर्वी हा रोग जडलेली लहान मुले महिन्या-वर्षात दगावत आणि मोठ्यांना उपासमारीसारखे पथ्य करून दिवस ढकलावे लागत. तसेच लघवीतील साखर ओळखणारे निळे द्रावण ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते स्टॅनली बेनेडिक्ट हे शास्त्रज्ञ बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेत त्याच न्यूयॉर्क शहरात काम करीत होते. ज्या साधनांवर पुढे आपले आयुष्य तोलले जाणार आहे, ती साधने आपल्या आसपासच घडत आहेत, याची त्या तरुणाला काय कल्पना असणार!

मायदेशी परतल्यानंतरची पंचवीस वर्षे म्हणजे महाडचे चवदार तळे, नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह, गोलमेज परिषदा, पुणे करार आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूर खाते. घरात चार अपत्यांचे मृत्यू झाले होते आणि दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ रोजी माता रमाईही गेल्या. त्यानंतर दादरच्या राजगृहात पुस्तकांच्या सहवासात रात्री सरू लागल्या. जेवणाची वेळ निश्चित नाही, झोपेची तर नाहीच. आज आपण ज्याला दिनचर्या म्हणतो ती त्या घरात फक्त वाचनालाच होती. या अनियमिततेमुळेच मधुमेह झाला, असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. या रोगाची कारणे अनेक आहेत. परंतु रोग आला तेव्हा त्याला अडवील अशी कोणतीही तटबंदी त्या घरात नव्हती, हे मात्र खरे.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. समितीत सात सदस्य होते. त्यांपैकी एकाने राजीनामा दिला, एकाचे निधन झाले, एक अमेरिकेत, तर कोणी संस्थानी कारभारात गुंतलेले आणि कोणी दिल्लीपासून दूर. टी. टी. कृष्णमाचारी यांनी संविधान सभेतच ही वस्तुस्थिती सांगितली आणि सारा भार एकट्या आंबेडकरांवर पडल्याचे मान्य केले. २१ फेब्रुवारी १९४८ रोजी मसुदा सभेच्या अध्यक्षांना सादर झाला. तो सादर होईपर्यंत बाबासाहेबांची झोप उडाली होती. पाय रात्रंदिवस दुखत होते. इन्सुलिन आणि होमिओपॅथीची औषधे असे दोन्ही उपचार सुरू होते.

या पायदुखीविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्या घरांतून तिला अजूनही वातविकार म्हणून तेल चोळले जाते. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली म्हणजे शरीरातील बारीक मज्जातंतू झिजू लागतात. सर्वांत लांब मज्जातंतू पायांचे, म्हणून पहिला फटका तळपायांना. कोणाला मुंग्या येतात, कोणाला निखाऱ्यावर पाय ठेवल्यासारखी आग होते, आणि हे सारे रात्री अधिक. बाबासाहेबांच्या पत्रांतून आणि निकटवर्तीयांच्या आठवणींतून पायांच्या या वेदना पुन्हा पुन्हा डोकावतात. सोबत संधिवात आणि रक्तदाब होताच. राज्यघटनेची कलमे तपासणाऱ्या त्या टेबलाखाली ही आग धगधगत होती.

उपचारासाठी ते मुंबईस आले. गिरगावात डॉ. माधवराव मालवणकर यांचा दवाखाना होता आणि तेथे ग्रँट मेडिकल कॉलेजातून एम.बी.बी.एस. झालेल्या डॉ. शारदा कबीर काम करीत होत्या. रमाईंच्या पश्चात पुन्हा विवाह करावयाचा नाही, असा बाबासाहेबांचा निश्चय होता. तो मोडण्यामागील कारण त्यांनी दादासाहेब गायकवाडांना पत्राने कळविले होते. प्रकृतीची देखभाल करणारे माणूस घरात असल्याशिवाय आता निभाव लागणार नाही, हे ते कारण. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीतील १, हार्डिंग अव्हेन्यू या निवासस्थानी नोंदणी पद्धतीने हा विवाह झाला आणि शारदाबाई या सविता आंबेडकर, म्हणजे आपल्या सर्वांच्या माईसाहेब झाल्या.

त्या घरात आता एक वेगळीच दिनचर्या सुरू झाली. तिचे स्वरूप समजण्यासाठी त्या काळची साधने डोळ्यांपुढे आणली पाहिजेत. आज बोटाला सुई टोचून पाच सेकंदांत साखर कळते. रक्ताच्या थेंबावरून साखर मोजणारे पहिले छोटे यंत्र १९७० च्या सुमारास आले. त्यापूर्वी घरच्या घरी तपासणी होई ती लघवीची. परीक्षानळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण घ्यावयाचे, त्यात लघवीचे काही थेंब टाकून नळी उकळावयाची आणि रंगाची वाट पाहावयाची. निळाच राहिला तर ठीक. हिरवा, पिवळा, नारिंगी असा चढत तो विटकरी झाला की साखर फार. यात मोठा दोष असा की, लघवीत उतरलेली साखर काही तासांपूर्वीची असते आणि ती फार उतरली आहे की काय, हे तर मुळीच कळत नाही. म्हणजे इन्सुलिनचा डोस ठरवणाऱ्याला अर्धे अंधारातच चालावे लागे.

टोचण्याची सिरिंज काचेची. ती प्रत्येक वेळी पाण्यात उकळावयाची, सुई बोथट झाली की दगडावर पाजावयाची, पुन्हा तीच वापरावयाची. इन्सुलिन थंड ठेवावे लागे आणि दिल्लीच्या मे महिन्यात वीज गेली की जीव टांगणीला लागे. नवनवीन प्रकार मात्र येत होते. १९३६ मध्ये जस्त मिसळलेले, अधिक वेळ टिकणारे इन्सुलिन आले. १९४६ मध्ये हॅगेडॉर्न यांचे आणखी सुधारलेले आले. १९५२ मध्ये लेन्टे आले. दिवसातून तीन-चार वेळा टोचण्याऐवजी एक-दोन वेळा भागू लागले. परंतु प्रत्येक नवीन औषधाबरोबर जेवणाच्या वेळा नव्याने जुळवाव्या लागत. रक्तदाबावर तर त्या काळी फारसे औषधच नव्हते, मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांनी सर्पगंधेवरील आपला निबंध १९४९ साली प्रसिद्ध केला तेव्हा कुठे एक दार किलकिले झाले.

ही सारी उस्तवार करण्यास डॉक्टरच पाहिजे होता, आणि तो चोवीस तास घरात पाहिजे होता. जो रुग्ण रात्री दोन वाजेपर्यंत लिहीत बसतो आणि जेवणाचे ताट समोर असताना पुस्तकातून डोके काढीत नाही, त्याला इन्सुलिन देणे म्हणजे केवढी जोखीम! टोचून झाल्यावर जेवण लांबले तर साखर एकदम उतरते, घाम फुटतो, हात कापतात, शुद्धही हरपू शकते. वेळेवर जेवा, आता झोपा, हे बाबासाहेबांना सांगण्याचे धैर्य किती जणांत होते? माईसाहेबांत होते. भेटीस आलेल्या कार्यकर्त्यांना दारातून परत पाठविल्याबद्दल त्यांच्यावर पुष्कळ रोष झाला. आम्हांला वाटते, त्या रोषातील बराचसा भाग पथ्याची वेळ सांभाळण्याच्या वाट्याला आला.

या व्यवस्थेच्या बळावर जे कार्य झाले ते पाहा. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा सभागृहापुढे मांडला गेला. त्यानंतर वर्षभर कलमवार चर्चा, हजारो दुरुस्त्यांना उत्तरे, आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृती. दुसरीकडे हिंदू कोड बिल. १० ऑगस्ट १९५१ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. डॉक्टर दीर्घ उपचारासाठी आग्रह धरीत आहेत, त्यापूर्वी हे विधेयक मार्गी लागावे, असा त्याचा आशय होता. माणूस प्रकृतीचे कारण सांगून सहसा काम टाळतो. येथे प्रकृतीचे कारण सांगून काम लवकर घेण्याची विनंती केली जात होती. विधेयक रखडले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी राजीनामा दिला. विशेष म्हणजे, पद सोडण्याचे कारण म्हणून त्यांनी आजार पुढे केला नाही. आपली कारणे वेगळी आहेत, हे त्यांनी निवेदनात स्पष्ट केले. आजाराची ढाल त्यांना सहज उपलब्ध होती. ती त्यांनी वापरली नाही.

पुढील तीन-चार वर्षे चढउतारांची. १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईत पराभव, त्याच वर्षी जूनमध्ये कोलंबिया विद्यापीठाची सन्माननीय पदवी, १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा पराभव. या धावपळीतच औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय उभे राहत होते. नागसेनवनाच्या उभारणीत त्यांनी जातीने लक्ष घातले. आमच्यासारख्या निवासी शाळांचे मूळ त्या माळरानावर आहे. १९५४ च्या जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ते जवळजवळ अंथरुणाला खिळून होते. दृष्टीही अधू होत चालली होती. दीर्घकाळच्या मधुमेहात डोळ्यांच्या पडद्यावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात आणि त्या काळी त्यावर इलाज नव्हता. लेसरचे उपचार नंतरचे. ज्या माणसाने आयुष्यभर पुस्तकांवर जीव लावला त्याच्या डोळ्यांवरच रोगाने घाला घालावा, याहून क्रूर ते काय? चरित्रकार सांगतात की, दृष्टी जाण्याच्या कल्पनेनेच ते व्याकूळ होत. पायदुखी त्यांनी सोसली. ही भीती त्यांना सोसवली नाही.

तरी त्याच डिसेंबरमध्ये ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेस गेले आणि परत येऊन २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. उत्तरायुष्यात त्यांनी व्हायोलिनचे धडेही घेतले. हातातली काठी, जाड भिंगांचा चष्मा, श्वासाचा त्रास वाढला तेव्हा प्राणवायूचे नळकांडे, अशी एकेक वस्तू त्या घरात येत गेली. त्या वस्तूंच्या रांगेत एक व्हायोलिनही होते, हे आमच्या मुलांना फार आवडते.

या सर्व काळात बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ लिहिला जात होता. २६, अलीपूर रोडवरील घरी नानकचंद रत्तू आपली नोकरी सांभाळून संध्याकाळी येत आणि रात्री उशिरापर्यंत टंकलेखन करीत. पाच वर्षांच्या या लेखनात अनेकदा खंड पडला. १९५६ च्या पूर्वार्धात बाबासाहेबांनी ग्रंथाची प्रस्तावना लिहिली. तीत त्यांनी आपल्या प्रकृतीविषयी मोकळेपणाने सांगितले. एका टप्प्यावर डॉक्टरांनी विझत चाललेल्या ज्योतीशी आपली तुलना केली होती आणि ती ज्योत पुन्हा उजळली ती आपली पत्नी आणि डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे, असा कृतज्ञ उल्लेख त्यांनी केला. ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाला. ही प्रस्तावना त्यात छापली गेली नाही.

१४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी. नागपूरच्या त्या मैदानावर लाखोंचा समुदाय. बाबासाहेब एका हातात काठी आणि दुसरा हात रत्तूंच्या खांद्यावर, असे मंचावर आले. महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी आणि माईसाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि मग स्वतः बावीस प्रतिज्ञा जनसमुदायाला दिल्या. दुसऱ्या दिवशी प्रदीर्घ भाषण, १६ ऑक्टोबरला चंद्रपूर. नोव्हेंबरात काठमांडूची परिषद, परतताना सारनाथ आणि कुशीनगर. निरोगी माणसाने थकून जावे असा हा प्रवास होता. ५ डिसेंबरच्या रात्री अलीपूर रोडच्या घरी रेडिओग्रामवर बुद्धवंदनेची तबकडी लागली आणि बाबासाहेब तिच्या सुरात सूर मिसळत राहिले. रत्तूंनी पाय चेपले. निजण्यापूर्वी त्यांनी ग्रंथाच्या मजकुरावर पुन्हा नजर फिरविली. ६ डिसेंबरच्या सकाळी ते निद्रेतच गेल्याचे आढळले.

त्यानंतर जे घडले ते लिहिताना आमची लेखणी अडखळते. शोकाने वेड्या झालेल्या समाजात संशय पसरला आणि तो माईसाहेबांकडे वळला. चौकशी झाली, मृत्यू नैसर्गिक असल्याचे सरकारने सांगितले. तरीही कित्येक वर्षे त्यांना दिल्लीत एकाकी आयुष्य कंठावे लागले. आम्ही स्पष्टच लिहितो: आमच्या आधीच्या पिढीतील अनेकांनी, आणि लहानपणी आम्हीही, हा संशय ऐकला आणि पुढे सांगितला. मधुमेह म्हणजे काय, तो हृदयाचे काय करतो, मधुमेह्याला हृदयविकाराची कळ न येताही तो कसा येऊ शकतो, हे कोणाला ठाऊक नव्हते. आजाराचे ज्ञान नव्हते म्हणून आजारी माणसाची सेवा करणारीवर आळ आला. आणि ज्या प्रस्तावनेतील चार ओळींनी हा आळ पुसला असता, ती प्रस्तावना त्या काळी वाचकांपुढे नव्हती. पुढे चळवळीतील तरुणांनी माईसाहेबांना पुन्हा समाजात आणले, १९९० मध्ये बाबासाहेबांना मरणोत्तर दिलेली भारतरत्न पदवी त्यांनीच स्वीकारली, आणि डॉ. आंबेडकरांच्या सहवासात हे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. २९ मे २००३ रोजी त्यांचे निधन झाले.

अज्ञानाचा हा दोष आपल्यातून गेला आहे, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. काही वर्षांपूर्वी सातवीत एक मुलगी वसतिगृहात दाखल झाली. तिच्या दंडावर नाण्याएवढा एक सेन्सर चिकटवलेला असे. तो दर काही मिनिटांनी साखरेचा आकडा मोबाइलवर पाठवी आणि साखर उतरली की मोबाइल वाजे. वसतिगृहात मोबाइलला बंदी. नियम म्हणजे नियम, म्हणून आम्ही तो कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद ठेवला. महापरिनिर्वाण दिनाचा कार्यक्रम होता. मुलीने भोजनापूर्वीचे इन्सुलिन घेतले होते, पाहुण्यांची भाषणे लांबली आणि भोजन पाऊण तास पुढे गेले. ती मागच्या रांगेत मान टाकून बसली. आम्हांला वाटले, पोर पेंगते आहे. कार्यालयातील शिपायाने कपाटात काहीतरी सारखे वाजत असल्याचे येऊन सांगितले, तेव्हा एका शिक्षिकेच्या ध्यानी आले. ग्लुकोजचे पाणी पाजल्यावर पंधरा-वीस मिनिटांत ती सावरली. बाबासाहेबांच्या छायाचित्राखालीच हे घडले.

आता तो मोबाइल अधीक्षिकांच्या कमरेला असतो आणि सभागृहाच्या खिडकीत ग्लुकोजचा डबा ठेवलेला असतो. गेल्या वर्षी त्याच मुलीने आम्हांला विचारले की, बाबासाहेबांची साखर कोण मोजत असे आणि कशाने? आम्ही तिला माईसाहेबांविषयी आणि त्या काळी वापरल्या जाणाऱ्या निळ्या द्रावणाविषयी सांगितले. तिने विज्ञानाच्या सरांना गाठले. प्रयोगशाळेच्या फडताळात बेनेडिक्टच्या द्रावणाची बाटली होतीच. सरांनी परीक्षानळीत ग्लुकोजचे पाणी घालून ती दिव्यावर धरली, आणि सारा वर्ग निळ्याचा हिरवा, हिरव्याचा विटकरी होताना पाहत राहिला. रंग बदलण्यास किती वेळ लागतो, ते तिने घड्याळ लावून मोजले आणि वहीत लिहून ठेवले.